ह्युमिडॉर नाही, बाहेर धो धो पाऊस आणि डब्यात २५ सिगार... कुणी अनुभवी आहे का इथे?

निवृत्तीच्या_उंबऱ्यावर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मला व्यसन वगैरे काही नाही, सिगारेट १९९८ ला सोडली ती सोडलीच. पण आमचे साडू दुबईला असतात, ते गुढीपाडव्याला आले तेव्हा माझ्यासाठी सिगारचा अख्खा २५ चा बॉक्स घेऊन आले, हवानाच्या आहेत, म्हणाले डिसेंबरात रिटायर होताय ना मग जानेवारीत कॉलेजच्या ग्रुपबरोबर दिवेआगरला बसाल तेव्हा फोडा. आता प्रश्न असा की पाडव्यापासून जानेवारीपर्यंत त्या ठेवायच्या कुठे.

ह्युमिडॉर म्हणून सिगार ठेवायला जी लाकडी पेटी मिळते तिची किंमत बघून गप्प बसलो. मग यूट्यूबवर एका गोऱ्या माणसाने सांगितलं की डब्यात ओला स्पंज ठेवा म्हणजे सिगार वाळत नाहीत. एप्रिल-मे मध्ये पुण्यात हवा कशी असते तुम्हाला माहितीये, पापड न तळता मोडतो, त्यामुळे मला ते पटलं. स्टीलचा मोठा डबा घेतला (फराळाचा असतो तो), त्यात बॉक्स, शेजारी वाटीत ओला स्पंज, आणि डबा किचनच्या वरच्या कपाटात, कारण बाकी कुठे ठेवला की सौ. विचारणार हे काय. दर रविवारी स्पंज ओला करायचो, अगदी नेमाने, तुळशीला पाणी घालतात तसं.

काल तीन आठवड्यांनी नीट उघडून बघितलं तर खालच्या थरातल्या चार सिगारवर पांढरे ठिपके. आणि एकीला सुईने टोचावं तसं एक बारीक गोल भोक, आणि बॉक्सच्या तळाशी तिथेच चिमूटभर पावडर, मैद्यासारखी पण तपकिरी. हाताला सगळ्याच सिगार जरा फुगल्यासारख्या, मऊ लागतायत.

टाकून देऊ का सगळ्या? साडूंना काय सांगू? आणि काही वाचणार असतील तर जानेवारीपर्यंत घरातल्या घरात कशा ठेवू, पेटी न घेता? जाणकारांनी प्लीज सांगा.

फुकट_सल्लागार

काका सगळ्यात सोपा उपाय, टाकून द्या आणि फुप्फुसं वाचवा. जाणकारांचा सल्ला मिळाला, धागा संपला :)

निवृत्तीच्या_उंबऱ्यावर

धन्यवाद, हा सल्ला मला घरीच फुकट मिळतो, रोज, दोनदा.

धूरकट

अहो काका थांबा, काही टाकू नका एवढ्यात. मी दादरला राहतो, बारा-तेरा वर्षं झाली ठेवतोय, माझ्याकडे पेटी कधीच नव्हती. तुमची चूक एकच आहे, आणि ती आपल्याकडे सगळेच करतात. तो यूट्यूबवाला ज्या गावात राहतो तिथे हवा कोरडी असते म्हणून त्याला पाणी घालायला लागतं. तुम्हाला एप्रिलमध्ये लागत होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही भर पावसात छत्रीखाली बसून अंगावर तांब्या ओतून घेताय.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ डिग्री लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची हवाच ८५-९० टक्के असते. स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही दाबलं तरी हवा आत जाते, त्याला रबर नसतं. म्हणजे बाहेरून ओल, आत स्पंजची ओल, वर किचनची ऊब. बुरशीला याहून चांगलं सासर मिळणार नाही.

आता ठिपके बघा. खिडकीपाशी उजेडात धरा, शक्यतो भिंग घ्या. केसाळ, कापसासारखे गोल गोल ठिपके असतील तर बुरशी. निळसर-हिरवट झाक असेल तर सरळ टाका. पांढरी आहे आणि फक्त वरच्या पानावरच आहे तर सुती कापडाने हलकं पुसा, दोन-तीन आठवडे वेगळ्या पिशवीत ठेवा, परत आली तर फेका. पण पेटवायचं टोक उघडं असतं, तिथे आतल्या पानात बुरशी दिसली तर पुसत बसू नका, ती गेली. काही लोक सांगतील की पांढरी पूड म्हणजे तेल बाहेर येऊन स्फटिक झालेत, मुरलेल्या सिगारची खूण आहे, त्याला प्लूम म्हणतात वगैरे. बहुतेक वेळा ती बुरशीच असते, फक्त सांगणाऱ्याला सिगार विकायची असते.

भोकाचं मात्र मला आवडलं नाही. ती सिगार आत्ताच्या आत्ता वेगळ्या झिपलॉकमध्ये टाका. तो किडा आहे.

बाकीच्या सिगारची ओल हळू उतरवायची. उन्हात ठेवू नका, पंख्याखाली नको, आणि बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते ती तर अजिबात नको, ती ओल शोषत शोषत पार कोरडं करून सोडते, तिला कुठे थांबायचं ते कळत नाही. रात्री एसी लावता ना? एसीच्या खोलीतली हवा कोरडी असते, तिथे बॉक्सचं झाकण रात्रभर उघडं ठेवा, सकाळी बंद. दोन-तीन रात्री करा. चिमटीत धरून हलकं दाबून बघायचं. दबून परत वर आली तर ठीक, कुरकुर आवाज आला तर कोरडी, स्पंजासारखी दबून तशीच राहिली तर ओली.

कायमचा बंदोबस्त असा: चारही बाजूंनी क्लिप लागणारा आणि झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला प्लॅस्टिकचा डबा. भांड्यांच्या दुकानात मिळतो, लोक लोणच्या-फरसाणाला वापरतात. नवाच घ्या, लोणच्याचा जुना घेतलात तर जानेवारीत कैरीच्या सिगार ओढाल. धुवून, दोन दिवस उघडा ठेवून वास घालवा. त्यात टू-वे पॅक टाका, बोवेडाचे मिळतात ऑनलाइन. त्या पुडीत मिठाचं संपृक्त पाणी असतं आणि पापुद्रा असा की त्यातून वाफ जाते पण पाणी जात नाही, त्यामुळे डब्यात कोरडं झालं तर ती ओल सोडते आणि जास्त झालं तर ओढून घेते. ६० ग्रॅमची एक पुडी २५ सिगारला पुरते. तुमच्या आत्ता ओल्या आहेत म्हणून दोन टाका. पुडीवर आकडा असतो, डब्यात किती टक्के आर्द्रता राखते त्याचा, तो ६५ चा घ्या, ६९ नको. लाकडाची पेटी थोडी झिरपते म्हणून तिच्यात ६९ किंवा ७२ टाकतात, प्लॅस्टिकचा डबा झिरपतच नाही.

सिगारच्या मूळ बॉक्समध्ये पातळ लाकडी पत्रा असतो ना थरांच्या मध्ये, तो फेकू नका, डब्यात घाला. त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात पण ते स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही, कडुनिंबाच्याच कुळातलं अमेरिकेतलं झाड आहे. देवदाराचं लाकूड मात्र टाकू नका कुणी सीडर म्हणून विकलं तरी, त्याच्या तेलाचा वास सिगारला लागला की संपलं.

हरिपूरची_लेक

मी सिगार कधी हातातही धरली नाही तरी लिहिते, कारण ते बारीक गोल भोक आणि तळाची पूड वाचून मला राहवलं नाही. आमचं माहेर हळदीच्या धंद्यातलं, सांगलीजवळ. काका, तुमचा किडा आमच्या ओळखीचा आहे.

तो तंबाखूतला म्हणून त्याला सिगारेट बीटल म्हणतात, पण त्याला तंबाखूच लागते असं नाही. हळकुंडं, धने, सुंठ, मिरची पावडर, सगळं चालतं. तांबूस-तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, पाठीला बाक असलेला, डोकं खाली घालून बसतो, बोटाने डिवचला की मेल्याचं सोंग घेतो. अळी आतल्या आत खात राहते आणि मोठा झाला की सुईसारखं गोल भोक पाडून बाहेर. जुन्या हळकुंडाला तुम्ही कधी बघितलं असेल, अगदी तसंच.

तुम्ही डबा ठेवलात किचनच्या कपाटात. बरोबर ना? मग कृपा करून मसाल्याचे सगळे डबे बघा. विशेषतः धन्याचं जुनं पाकीट कुठेतरी रबर लावून मागे सरकवलेलं असेल ते. प्रत्येकाच्या घरी असतं.

आणि धूरकट दादांनी तो क्लिपचा डबा सांगितला तो वाचून हसू आलं, कारण ते आमच्याकडचं पेवच झालं की. हरिपूरला जमिनीत वीसेक फूट खोल खड्डे खणून त्यात हळद ठेवायचे, वरून तोंड बंद करून लिंपून टाकायचं. आत हवाच खेळत नाही, त्यामुळे किडा जगत नाही, वर्षानुवर्षं माल तसाच राहतो. उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला नाही तर माणूस उतरणार. लहानपणी आजोबांबरोबर काठावर उभं राहून मी हे बघितलंय, तो कंदील खाली खाली जाताना पिवळा गोळा दिसत राहायचा आणि वर येणारा हळदीचा वास असा की नाक चुरचुरायचं. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली.

अवांतराबद्दल क्षमस्व. पण मसाले बघाच.

निवृत्तीच्या_उंबऱ्यावर

ताई, साष्टांग नमस्कार!!

आत्ता कपाट काढलं. धन्याचं पाकीट सापडलं, रबर लावलेलं, मागे सरकवलेलं, तुम्ही काय आमच्या घरी येऊन गेलात का. आत धने कमी आणि भोकं जास्त, आणि तळाशी तेच, तपकिरी, कुबडे, डिवचलं की मेले. सौ. नी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं की तुमच्या सिगारमधले किडे माझ्या धन्यात आले, मग पाकिटावरची तारीख बघून विषय तिथेच थांबवला. तारीख मी इथे लिहीत नाही, मला घरात राहायचंय.

म्हणजे धन्यातून सिगारमध्ये गेले की सिगारमधून धन्यात?

धूरकट

ताई _/\_ हे मलाही माहीत नव्हतं, मी इतकी वर्षं त्याला फक्त तंबाखूचा किडा समजत होतो.

काका, बहुतेक धन्यातून सिगारमध्ये. हवानाचा माल कारखान्यातच गोठवून बाहेर पाठवतात, नेमकं याच किड्यासाठी. शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, पण तुमच्या कपाटात एप्रिल-मेची उष्णता होती, त्याला २४-२५ च्या वर ऊब आणि ओल मिळाली की अंडी फुटतात. म्हणून १८-२१ डिग्री सांगतात, नुसत्या चवीसाठी नाही.

आता फ्रीझर. भोकाची सिगार टाकून द्या, बाकीच्या दोन झिपलॉकमध्ये, एकात एक, हवा दाबून काढून. एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग परत एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग एक दिवस बाहेर, आणि हे सगळं होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. थंड ताकाच्या ग्लासला बाहेर काढल्यावर घाम येतो ना, पिशवी उघडलीत तर तो घाम सिगारला येईल. आजच टाका, उशीर नको.

एडिसनचा_अण्णा

धूरकटशी बाकी सहमत पण आजच फ्रीझरमध्ये टाकू नका काका, मी हे करून पस्तावलोय. ओली फुगलेली सिगार गोठवली की आतलं पान ताणतं आणि वरचं पान, जे सगळ्यात पातळ असतं, ते फाटतं. माझ्या दहातल्या सहा उभ्या चिरल्या होत्या, केळं सोलावं तशा. आधी चार-पाच दिवस कोरड्या करा मग गोठवा.

मी न्यू जर्सीत, इथे उलटी रड. डिसेंबर ते मार्च हीटर चालू, घरात २५ टक्के आर्द्रता, सकाळी उठलं की नाकातून रक्त. मी कॅम्पिंगचा आईसबॉक्स वापरतो, शे-दीडशे सिगार आरामात बसतात, जाड भिंत असल्याने तापमानही दिवसभरात फारसं हलत नाही. जास्त सिगार असतील त्यांना हा मार्ग. २५ साठी गरज नाही, उगाच मोठ्या रिकाम्या डब्यात पुड्यांना जास्त काम लागतं.

आधी मीही हौसेने लाकडी पेटी घेतली होती, काचेच्या झाकणाची, आत सोनेरी घड्याळासारखा काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर. ऑनलाइन एका दुकानातून. काच नुसती गोंदाने चिकटवलेली, एका कोपऱ्यातून उजेड दिसायचा. महिनाभर पाणी घालतोय घालतोय आणि काटा ७० वर ढिम्म उभा. शेवटी कळलं की काटा अडकलाय, पेटी बाथरूममध्ये नेली तरी ७०, खिडकीबाहेर बर्फात ठेवली तरी ७०. आता त्यात आमच्या हिचे दागिने असतात, छान दिसते टीपॉयवर.

धूरकट

अण्णा मान्य, पण किडा पसरायची भीती आहे ना. मी कोरड्याच गोठवल्यात नेहमी त्यामुळे फाटण्याचा अनुभव नाही. मधला मार्ग: आजच झिपलॉकमध्ये बंद करा, ६२ ची पुडी मिळाली तर आत ठेवा, नाहीतर एसीच्या खोलीत रात्री पिशवी उघडून. पाच दिवसांनी पुडी काढून फ्रीझर. चार-पाच दिवसांत किडे काही वरात काढणार नाहीत.

निपाणीकर_पाव्हणं

जरा आमच्याकडनं पण ऐका. आमची निपाणी म्हणजे तंबाखूचंच गाव, पण बिडीची. तिचा हिशोब वेगळा हाय. बिडीची तंबाखू वाळवून चुरा करायची, ती कोरडीच पायजे, ओली झाली की काळी पडती आणि वास मारती. पण पान हाताळताना मात्र एकदम कडक चालत नाही, भुगा होतो नुसता, म्हणून पहाटं दव असताना काम करायचं नाहीतर हलकं पाणी शिंपडायचं. आमचा आज्जा पान मुठीत धरून सोडायचा, उलगडलं तर बरं, मोडलं तर थांबा. मीटर बिटर काय नव्हतं.

सिगारचं पान मी वाचलंय त्यावरनं, ढीग लावून ओलीवर मुरवत्यात, आत गरम होतं, अमोनियाचा वास येतो, आणि पाला उलथापालथा करत राहत्यात. म्हणजे ते पान आयुष्यभर थोडं ओलंच राहायला केलेलं असतं. म्हणून बिडीचं बंडल खिशात वर्षभर राहिलं तरी पेटतं आणि तुमच्या सिगारला पाळणा लागतो. बरं वखारीत एक नियम होता, तंबाखूजवळ दुसरं काही ठेवायचं नाही, रॉकेल नको, कांदा नको. तंबाखू वास वढती. काकांनी हिंगाच्या शेजारी ठेवली नव्हती ना?

निवृत्तीच्या_उंबऱ्यावर

पाव्हणं, हिंग खालच्या खणात होता. पण त्या फराळाच्या डब्यात दिवाळीची चकली होती आणि आता बॉक्सच्या आतल्या कागदाला ओव्याचा हलका वास येतोय असं मला वाटतंय. सौ. म्हणते तुम्हाला सगळीकडेच चकलीचा वास येतो.

डबा घेतला, क्लिपचा. पुड्या मागवल्यात. डिजिटल हायग्रोमीटर घेतला छोटा गोल, अण्णांची अडकलेल्या काट्याची गोष्ट वाचून काट्याचा घ्यायची हिंमत झाली नाही. पण हा तरी खरं बोलतो का ते कसं ओळखायचं?

धूरकट

मिठाने. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, भरून, त्यावर पाण्याचे चार-सहा थेंब, मीठ ओलं चिखलासारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी व्हायला नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉकमध्ये, मीटरला मीठ लागू न देता, आणि रात्रभर तसंच एका जागी. खाऱ्या ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, तिथे खोटं बोलायची सोय नाही. सकाळी मीटर जो आकडा दाखवेल आणि ७५ यातला फरक स्केचपेनने मीटरच्या मागे लिहून टाका.

नवा_गडी

धागा हायजॅक करतोय सॉरी, पण माझ्याकडे तीनच सिगार आहेत, मित्राच्या लग्नात वाटल्या होत्या, एक ट्यूबमध्ये आणि दोन प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. तीनसाठी डबा वगैरे जास्तच होईल ना? फ्रिजमध्ये ठेवल्यात सध्या.

एडिसनचा_अण्णा

फ्रिजमधून काढ आधी. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा सुकवत राहतो, आणि कालच्या फिश करीचा वास फुकट. काचेची रुंद तोंडाची बरणी, रबर असलेली, त्यात ८ ग्रॅमची छोटी पुडी, आणि बरणी कपाटात अंधारात, उन्हापासून लांब. कव्हर काढायची गरज नाही, सेलोफेनमधून ओल आरपार जाते हळूहळू. ट्यूबचं टोपण मात्र सैल ठेव. आणि दोन-तीन आठवड्यात ओढणारच असशील तर एवढंही नको, झिपलॉक आणि पुडी बस.

फुकट_सल्लागार

इथे इतकं शास्त्र आहे हे बघून मीच एक ओढावी म्हणतो. बरं ते चर्चिल साहेब रोज ओढायचे ते काय डब्यात पुड्या टाकून ठेवायचे का?

धूरकट

त्यांच्याकडे ठेवायला माणसं होती. अवांतरच निघालंय तर, तो बाबा १८९६ ला मुंबईत आला तेव्हा ससून डॉकवर होडीतून उतरताना कडी पकडली आणि खांदा निखळला, तो जन्मभर त्रास देत राहिला. सिगारची एक साइज त्याच्या नावाने आहे, ७ इंच लांब, ४७ रिंगची. रिंग म्हणजे जाडी, इंचाच्या ६४ भागांपैकी किती, म्हणजे ६४ रिंग झाली की बरोबर एक इंच जाड. काका तुमच्या कुठल्या साइजच्या आहेत ते बघा, जाड असतील तर ओल निघायलाही जास्त दिवस लागतील, घाई करू नका.

निवृत्तीच्या_उंबऱ्यावर

मंडळी अपडेट द्यायला उशीर झाला, मध्ये गणपती होते.

मिठाची टेस्ट केली. ७५ च्या जागी ८१ दाखवलं, म्हणजे आमचा मीटर ६ ने बढाया मारतो. मागे लिहिलं. हे केलं नसतं तर डब्यात ७१ दिसल्यावर मी अजून सुकवत बसलो असतो आणि प्रत्यक्षात ६५ च होतं.

ठिपक्यांच्या चारपैकी दोन पुसल्यावर परत काही आलं नाही. एकीच्या टोकाशी आत बुरशी होती, एकीवर हिरवट, दोन्ही गेल्या. भोकाची गेली. उरल्या २२. पाच रात्री आमच्या बेडरूममध्ये एसीखाली पिशवी उघडी ठेवून झोपलो, सौ. म्हणाली लग्नानंतर पहिल्यांदा खोलीला क्लबचा वास येतोय. मग फ्रीझर, धूरकट आणि अण्णा दोघांचं ऐकून, मटारच्या पिशवीखाली चार दिवस. त्यात दोघींची वरची पानं टोकाशी जराशी चिरली, बाकी वीस अगदी शहाण्यासारख्या बाहेर आल्या. पिशवी उघडायचा मोह झाला होता, ताकाचा ग्लास आठवून थांबलो.

आता डबा हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात आहे, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या बाजूला, तिथे दिवसा २६-२७ असतं, त्याहून थंड जागा घरात नाही. लाकडी पत्रे आत आहेत. पुड्या आधी पाण्याच्या पिशवीसारख्या टम्म फुगल्या, म्हणजे ओल ओढली वाटतं, आता जरा सैल झाल्यात.

चिरलेल्यांपैकी एक परवा मित्राच्या गच्चीत ओढून बघितली. आग एका बाजूने पळत होती, पण चव छान, शेवटपर्यंत विझली नाही. ओवा नव्हता!! साडूंना फोनवर २२ राहिल्यात एवढंच सांगितलं, उरलेल्या तीन मी ओढल्या असं त्यांनी समजून घेतलं, मी दुरुस्त केलं नाही.

दोन प्रश्न अजून. २६-२७ ला चालेल का? आणि या पुड्या कधी बदलायच्या?

धूरकट

वा काका, २२ म्हणजे जिंकलात. गोठवून झालंय आणि ६५ ला ठेवलंय तर २६-२७ ला जानेवारीपर्यंत काही होत नाही, आपल्याकडे सगळे तसेच ठेवतात. फक्त ऑक्टोबर हीटमध्ये आठवड्याला एकदा तळाला पूड दिसते का ते बघा. उघडायचं ते पण थोडकंच, आठवड्याला एकदा दोन मिनिटं हवा बदलली की पुरे.

पुडी हाताला जेलीसारखी लागते तोवर चालू आहे. कडक झाली, आत खडे लागले की संपली. घट्ट डब्यात पाच-सहा महिने आरामात जाते, म्हणजे तुम्हाला बदलायला लागणारच नाही बहुधा. आणि स्वतः त्यात पाणी सोडायला जाऊ नका, काही जण बॅटरीच्या पाण्यात भिजत घालतात.

हरिपूरची_लेक

काका धने नवीन आणले का? डब्यात भरायच्या आधी मंद आचेवर थोडे भाजून घ्या, पूर्ण गार करून मग भरा. आणि त्या कपाटाच्या फटी ब्रशने झाडून काढा, कोपऱ्यात सांडलेल्या पिठावर पण तो महिना-महिना राहतो.

निवृत्तीच्या_उंबऱ्यावर

आणले ताई. कपाट काल झाडलं, बिजागरीच्या मागे अजून सात सापडले. सौ. नी मोजले.

एडिसनचा_अण्णा

दिवेआगरला नेताना अख्खा डबा नेऊ नका, समुद्रावर परत ८०-९० ची हवा. जेवढ्या ओढणार तेवढ्याच झिपलॉकमध्ये पुडीसकट, आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, जानेवारीतही ताम्हिणी उतरेपर्यंत ती तापते. मीटरचा बटन सेल बदलावा लागला तर मिठाची टेस्ट परत करा, माझा सेल बदलल्यावर ३ ने सरकला होता.